प्रभातचे पाच भागीदार: माणूस पाहून काम वाटणाऱ्या एका संस्थेचा अभ्यास

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी चौघांजवळ म्हणण्यासारखे भांडवल नव्हते आणि ज्या पाचव्याजवळ ते होते त्याला सिनेमाचे काम येत नव्हते. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले कारागीर होते. सीतारामपंत कुलकर्णी हे कोल्हापुरातील सराफ होते. पुढच्या सात-आठ वर्षांत या लहानशा मंडळीने मूकपटाकडून बोलपटाकडे, कोल्हापुराहून पुण्याकडे आणि पौराणिक कथांकडून सामाजिक विषयांकडे जो प्रवास केला, त्याचा इतिहास मराठी वाचकाला ढोबळमानाने ठाऊक आहे. येथे तो इतिहास पुन्हा सांगण्याचा हेतू नाही. त्या संस्थेत कामांची वाटणी कशी झाली, ती वाटणी कोठे फळली, कोठे फसली आणि तिची किंमत काय पडली, एवढ्यापुरताच हा अभ्यास मर्यादित आहे.

हल्ली लहान कार्यालयांतून प्रश्नावल्या भरून घेऊन माणसांची बलस्थाने शोधण्याची पद्धत रूढ होत आहे. प्रभातच्या भागीदारांना तशा प्रश्नावलीची गरज पडली नाही, कारण ते एकमेकांना अनेक वर्षे काम करताना पाहत आले होते.

पूर्वतयारी: बाबुरावांची कार्यशाळा

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एका माणसाभोवती उभी राहिलेली संस्था होती. बाबुराव पेंटर चित्रकार होते, मूर्तिकार होते, पडदे रंगवत असत, आणि परदेशी यंत्राचा अभ्यास करून त्यांनी स्वतःचा कॅमेराही घडवला होता. अशा बहुगुणी माणसाच्या हाताखाली काम करणाऱ्यास दोन गोष्टी मिळतात: सगळ्या कामांची थोडीथोडी ओळख, आणि कोणत्याही कामात शेवटचा शब्द आपला नसल्याची जाणीव. शांताराम तेथे सुरुवातीला बिनपगारी उमेदवार होते आणि पडेल ते काम करत होते. दामले आणि फत्तेलाल हे कॅमेरा घडवण्याच्या दिवसांपासून बाबुरावांचे साहाय्यक होते. त्या कंपनीच्या अखेरच्या वर्षांत या मंडळींना दिग्दर्शनाचीही संधी मिळाली; शांताराम यांनी १९२७ साली ‘नेताजी पालकर’ आणि दामले-फत्तेलाल यांनी १९२८ साली ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला.

हा तपशील महत्त्वाचा आहे. प्रभात सुरू झाली तेव्हा दिग्दर्शनाचा अनुभव असलेली एकाहून अधिक माणसे भागीदारांमध्येच होती. फत्तेलाल यांचा जन्म १८८६चा, दामले यांचा १८९२चा आणि शांताराम यांचा १९०१चा. म्हणजे वयाने आणि उमेदवारीने दोघेही शांतारामांहून ज्येष्ठ होते. आपल्याकडे अशा प्रसंगी खुर्ची वडीलधाऱ्याकडे जाते, किंवा पाळीपाळीने सगळ्यांना बसवले जाते. प्रभातमध्ये तसे झाले नाही. दिग्दर्शनाची मुख्य धुरा सर्वांत तरुण भागीदाराकडे आली, कधी धायबर त्यांच्या जोडीला राहिले, आणि दामले व फत्तेलाल यांनी आपापल्या हातातील काम धरले. दामल्यांकडे यंत्रे आणि तांत्रिक व्यवस्था, फत्तेलाल यांच्याकडे नेपथ्य आणि दृश्यरचना, धायबरांकडे कॅमेरा, कुलकर्ण्यांकडे पैसा.

या वाटणीत दामले आणि फत्तेलाल यांनी कमीपणा घेतला असे म्हणणे मला पटत नाही. बाबुरावांकडे असताना नेपथ्यावर अंतिम निर्णय बाबुरावांचा असे, कारण ते स्वतःच श्रेष्ठ चित्रकार होते. प्रभातमध्ये नेपथ्याबाबत फत्तेलाल यांच्यापेक्षा अधिक जाणणारा कोणीच नव्हता, आणि दिग्दर्शकाला ते मान्य होते. दिग्दर्शकपद सोडून त्यांना मिळाला तो आपल्या क्षेत्रातील शेवटचा शब्द. ज्याला काम मनापासून आवडते, त्याच्या लेखी हा व्यवहार तोट्याचा नसतो. शिवाय चौघेही एकाच कार्यशाळेत वाढलेले असल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामाची अडचण कळत होती. जबाबदारी अरुंद असली तरी जाण रुंद होती. केवळ पहिली गोष्ट असती तर ही संस्था पाच सुभ्यांत विभागली गेली असती.

ध्वनीची परीक्षा

पहिल्या दोन वर्षांत प्रभातने सहा मूकपट काढले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि मूकपटांच्या धंद्याचे दिवस भरले, हे स्पष्ट झाले. वर्षभराच्या आत, १९३२च्या आरंभी, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आला.

यात खरे आव्हान यंत्र विकत घेण्याचे नव्हते. त्या काळी पार्श्वगायन नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गात असे, त्याच क्षणी ते गाणे मुद्रित होत असे, आणि साथीदारांना चौकटीबाहेर कोठेतरी दडवून बसवावे लागे. कॅमेऱ्याचा घरघराट मुद्रित होऊ नये म्हणून त्याला झाकावे लागे, त्यामुळे त्याची हालचाल खुंटे. नट ध्वनिग्राहकापासून दूर गेला की आवाज विरे. नेपथ्याच्या पोकळ भिंतींमुळे आवाज घुमे. म्हणजे ध्वनिमुद्रकाच्या एका नकारामुळे छायाचित्रकाराची चौकट, नेपथ्यकाराची भिंत आणि दिग्दर्शकाने योजलेली नटाची चाल, ही सर्व एकाच वेळी बदलावी लागत होती. दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी अंगावर घेतली, तेव्हा ते इतर सर्वांच्या कामात अडथळा आणणारे गृहस्थ झाले, असेही म्हणता येईल. परंतु हा अडथळा आणणारा माणूस बाहेरून पगारावर आणलेला तंत्रज्ञ नव्हता. तो भागीदार होता, आणि कॅमेरा व नेपथ्य यांच्याविषयी त्याला बाबुरावांच्या कार्यशाळेतली जाण होती. अनेक चित्रसंस्थांमध्ये बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रक आणि छायाचित्रकार यांच्यात जी रस्सीखेच झाली, ती प्रभातमध्ये फार चिघळली नाही, याचे एक कारण मी येथे पाहतो.

या पाचांमध्ये जे गुण नव्हते, ते त्यांनी उसने आणले. मूकपटांत गाणे नव्हते. आता ते लागणार होते. गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामतीसाठी दुर्गा खोटे आल्या. पुढे केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे संगीतकार संस्थेत आले. भागीदारांपैकी कोणी आपण संगीतही पाहू असा हट्ट धरला नाही. लहान संस्थांत पैसा वाचवण्याच्या नावाखाली हा हट्ट हमखास धरला जातो.

जेथे कोणाचेच बलस्थान नव्हते

१९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याचा घाट घातला. चित्रण येथे झाले, पण रंगप्रक्रियेसाठी शांताराम चित्रपट घेऊन जर्मनीला गेले. परिणाम निराशाजनक निघाला. पडद्यावर रंग जसे हवे होते तसे उतरले नाहीत.

या अपयशाचे निदान करताना नवे तंत्र, परके हवामान, अननुभव अशी कारणे सांगितली जातात आणि ती चुकीची नाहीत. परंतु प्रस्तुत दृष्टीने पाहिले तर कारण साधे आहे: रंग हा त्या पाचांपैकी कोणाच्याही हातातला विषय नव्हता. ध्वनीच्या वेळी दामले होते. रंगाच्या वेळी दामल्यांच्या जागी कोणी नव्हते, आणि निर्णायक काम हजारो मैलांवरच्या अनोळखी प्रयोगशाळेत झाले. फत्तेलाल यांच्यासारखा रंगांचा जाणकार घरात असूनही त्याच्या डोळ्याचा उपयोग त्या टप्प्यावर होऊ शकत नव्हता, कारण चित्रकाराचा रंग आणि फिल्मवरील रंग या दोन वेगळ्या विद्या आहेत. नावातील साम्यामुळे एका कामातील कौशल्य दुसऱ्या कामात चालेल असे वाटणे, ही चूक आजही रोज घडते.

त्या फेरीतून शांताराम यांनी मात्र रिकाम्या हाताने परतणे टाळले. जर्मन स्टुडिओंतील कामकाज त्यांनी पाहिले. त्याच सुमारास कंपनी पुण्यास हलली, आणि तेथे तयार झालेल्या पहिल्या चित्रपटात, १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये, चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे ते प्रसिद्ध दृश्य आले. रंगाचा नाद सोडून प्रभात पुन्हा कृष्णधवलाकडे, म्हणजे आपल्या हुकमी जागेकडे वळली होती.

दोन नट, एक परंपरा

या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग १९३५ आणि १९३६ या दोन वर्षांत आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक वाटते.

बालगंधर्व हे त्या वेळी मराठी रंगभूमीवरील सर्वांत मोठे नाव होते. त्यांच्याशी प्रभातने चित्रपटांसाठी भागीदारीचा करार केला आणि त्यातून ‘धर्मात्मा’ हा संत एकनाथांवरील चित्रपट निघाला. मूळ नाव ‘महात्मा’ होते. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. दिग्दर्शन शांताराम यांचे होते. ज्या कलावंताने आयुष्यभर स्त्रीभूमिकांत मराठी प्रेक्षकांना वेड लावले, तो येथे प्रथमच पडद्यावर पुरुषाच्या, तेही एका संताच्या भूमिकेत दिसला. चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही आणि ती भागीदारी त्या एका चित्रपटापुढे गेली नाही.

पुढच्याच वर्षी दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला. मुख्य भूमिकेसाठी त्यांनी विष्णुपंत पागनीस यांना घेतले. तेही संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट होते, आणि तेच त्यांच्या निवडीविरुद्धचे कारण म्हणून पुढे केले गेले. वरवर पाहता ‘धर्मात्मा’मधील चूक पुन्हा होत होती: तीच परंपरा, तसाच विषय, आणि नाव तर कितीतरी लहान. तरीही हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली वेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

फरक कोठे पडला? माझ्या मते ‘धर्मात्मा’मध्ये आधी नाव ठरले आणि मग त्या नावाला काम शोधले गेले. बालगंधर्वांचे बळ कशात होते, तर गाण्यात, रंगमंचावरील वावरात आणि समोरच्या प्रेक्षकाशी जुळणाऱ्या नात्यात. स्टुडिओतील तुकड्यातुकड्यांच्या चित्रणात तिसऱ्याला वाव नव्हता, दुसऱ्याचे स्वरूप बदलले होते, आणि त्यांचे मोठेपणच असे होते की त्यांना कोणी लहान करून वापरू शकत नव्हते. पागनीसांच्या बाबतीत दिग्दर्शकांना तुकोबा हवे होते, आणि त्या तुकोबांना ज्या गोष्टी लागतात (भजनी वळणाचा गळा, अंगातील मार्दव, आक्रमकतेचा संपूर्ण अभाव) त्या पागनिसांजवळ होत्या. स्त्रीभूमिकांमुळे आलेली जी मृदुता दोष म्हणून मोजली जात होती, तीच या भूमिकेचा गाभा ठरली. बलस्थान आणि उणीव यांच्यातील सीमारेषा माणसात नसून कामात असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

हीच दृष्टी त्या चित्रपटात इतरत्रही दिसते. जिजाईची भूमिका गौरी या नटीने केली. स्टुडिओत किरकोळ कामे करता करता ती पुढे आलेली होती. अभिनयाचे रीतसर शिक्षण तिला नव्हते. मूल आजारी असताना विठ्ठलाच्या मूर्तीपुढे पायताण उगारणारी ती जिजाई शिक्षित नटीकडून तितकी खरी झाली असती का, याविषयी शंका आहे. गीतकार शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ हा अभंग असा लिहिला की तो अनेकांना तुकोबांचाच वाटला. कॅमेऱ्यावर व्ही. अवधूत होते, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. देहूचे देऊळ, घर, बाजार ही सृष्टी फत्तेलाल यांच्या नजरेतून उभी राहिली. एका मुसलमान कलावंताने वारकऱ्यांचे गाव उभारले आणि महाराष्ट्राने ते आपले म्हणून स्वीकारले, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

सात वर्षे यंत्रे आणि नेपथ्य सांभाळलेल्या दोघांच्या हाती दिग्दर्शन आले तेही याच सुमारास, आणि यावरून प्रभातची वाटणी ताठर नव्हती हे दिसते. काम वाढले तसे संस्थेत दोन प्रवाह झाले. शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) असे सामाजिक चित्रपट केले. दामले-फत्तेलाल यांनी ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) असे भक्तिपर चित्रपट केले. दोघांच्या शैली इतक्या भिन्न आहेत की एकाच छपराखाली त्या नांदल्या याचे नवल वाटते. शांताराम यांचा कॅमेरा प्रेक्षकाला धक्का देतो. दामले-फत्तेलाल यांचा कॅमेरा दाराशी उभ्या पाहुण्यासारखा अदबीने पाहत राहतो. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत न वापरता केवळ नैसर्गिक ध्वनींवर भागवण्याचा प्रयोग आहे, आणि ध्वनीची पक्की बैठक घरात तयार असल्याशिवाय असे धाडस कोणी करत नाही.

किंमत

माणूस पाहून काम वाटण्याच्या पद्धतीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, आणि प्रभातने ती दोन्ही ठिकाणी मोजली.

पहिली किंमत भागीदार नसलेल्यांनी मोजली. ज्यांच्या गुणांवर चित्रपट उभे राहत होते, ते नट आणि गायक करारांनी व मासिक पगारांनी बांधलेले होते. ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’ गाजवणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादातून स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते, हा येथील प्रश्न नाही. आपल्या गुणांवर संस्थेचा डोलारा उभा आहे हे ज्याला कळते, तो केव्हातरी आपला वाटा विचारतो. आणि पाच जणांच्या भागीदारीत सहाव्या माणसाला बसायला जागाच नव्हती.

दुसरी किंमत माणसे गेल्यावर कळली. धायबर १९३६च्या सुमारास, ‘राजपूत रमणी’ दिग्दर्शित केल्यानंतर, कंपनीतून बाहेर पडले. भागीदार गेला तरी कॅमेऱ्याची जागा रिकामी राहिली नाही, कारण अवधूत यांच्यासारखी दुसरी फळी तोपर्यंत तयार होती. हीच गोष्ट १९४२ साली घडली नाही. शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. त्यांच्या जागी दिग्दर्शक मिळाले. राजा नेने होते, विश्राम बेडेकर होते, गजानन जागीरदार होते. १९४४चा ‘रामशास्त्री’ चांगला चित्रपट आहे, पण तो पूर्ण होईपर्यंत त्याचे दिग्दर्शन एकाहून अधिक हातांतून गेले, यातच बदललेली स्थिती दिसते. शांताराम यांचे काम केवळ दिग्दर्शनाचे नव्हते. कोणता विषय घ्यायचा, कोणाला कोठे उभे करायचे, केव्हा थांबायचे, हे ठरवण्याचे कामही त्यांच्याकडे सरकत गेले होते, आणि त्या कामाला नाव नसल्यामुळे त्यासाठी दुसरा माणूस तयार करावा हे कोणाला सुचले नसावे. कॅमेरामन तयार करता येतो, कारण कॅमेरा डोळ्यांना दिसतो.

मला या ठिकाणी भागीदारांना फार दोष द्यावासा वाटत नाही. एखादी व्यक्ती प्रत्यक्षात किती कामे करते आहे, ते ती व्यक्ती असेपर्यंत कळत नाही; ती स्वतःही ते सांगू शकत नाही. तरी एक गोष्ट करता आली असती. दामले-फत्तेलाल यांना १९३६ साली दिग्दर्शनाची संधी देताना संस्थेने जी लवचिकता दाखवली, ती निर्णय घेण्याच्या कामातही दाखवता आली असती. तसे झाले नाही, आणि दामल्यांचे ५ जुलै १९४५ रोजी निधन झाल्यावर मूळ चौघा कारागिरांपैकी फत्तेलाल एकटेच प्रभातमध्ये उरले.

त्यानंतरही गुणी माणसे आली. ‘हम एक हैं’ (१९४६) या चित्रपटातून देव आनंद प्रथम पडद्यावर आले, आणि गुरुदत्त त्या काळात प्रभातमध्येच नृत्यदिग्दर्शन करत होते. दोघांचीही पुढची कारकीर्द मुंबईत घडली. त्यांच्यातील गुण ओळखून त्यांच्याभोवती काही उभे करील असा कोणी तोपर्यंत पुण्यात राहिला नव्हता. १९५३ साली कंपनी बंद झाली. फत्तेलाल यांनी १९५५ साली, दामल्यांशिवाय आणि प्रभातशिवाय, ‘जगद्गुरू शंकराचार्य’ दिग्दर्शित केला. स्टुडिओची जागा १९६० साली सरकारच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेकडे आली, आणि तेथे दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन आणि कलादिग्दर्शन हे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. विद्यार्थ्यांना मात्र शेवटी एकमेकांच्या चित्रपटांवर एकत्रच काम करावे लागते.